श्री. आहो यांना विमानातून उतरवण्याबाबत

एकोणीसशे त्रेसष्ट सालच्या मे महिन्यात, एका मंगळवारी, म्युनिकच्या रीम विमानतळावर एक विमान उभे होते आणि ते दुपारी दोन वाजता मुंबईकडे उडायचे होते. यात गंभीर असे काही नाही. विमाने उडण्यासाठीच उभी असतात. परंतु या विमानातले अडुसष्टच्या अडुसष्ट प्रवासी 'बव्हेरिया महाराष्ट्रीय विद्यार्थी व संशोधक मंडळ' या संस्थेचे सभासद किंवा सभासदांचे नातलग होते. अख्खे विमान भाड्याने घेतले तर प्रवास स्वस्तात होतो आणि अख्खे विमान फक्त नोंदलेल्या संस्थेलाच मिळते, म्हणून मंडळ निघाले होते. संस्कृतीचे जतन वगैरे उद्देश घटना लिहिताना सुचले. मंडळ म्हटले की घटना आली, घटना आली की पोटनियम आले, आणि पोटनियमांना ते मनापासून करणारा एक माणूस लागतो. मंडळाच्या सुदैवाने असा माणूस एर्लांगेनला राहत होता. त्याचे नाव आत्माराम सबनीस.

आत्माराम पाच वर्षांपूर्वी विद्यापीठात डॉक्टरेटसाठी आला होता. चिनी मातीच्या इन्सुलेटरवर विजेचा दाब वाढवत नेला तर तो नेमका कधी फुटतो, हा त्याचा विषय. पुण्यात असताना हाच आत्माराम सिनेमाच्या रांगेत मध्यभागी ओळखीचा चेहरा शोधत असे. जर्मनीत आल्यावर मात्र त्याला शिस्तीचा साक्षात्कार झाला, आणि उशिरा साक्षात्कार झालेल्या माणसाचा होतो तसा त्याचा इतरांना त्रास होऊ लागला. रविवारी सकाळी सुनसान रस्त्यावर तो तांबड्या दिव्यापुढे एकटाच उभा राही. एखादी जर्मन म्हातारी दिवा न बघता पलीकडे निघाली, तर तिला हाक मारून परत बोलावी. तीन म्हाताऱ्यांनी त्या चौकातून जाणे सोडले होते.

या प्रवासात त्याचे खरोखरीचे काही गुंतले होते, तेही सांगायला हवे. चार वर्षांपूर्वी त्याचे वडील गेले, तेव्हा तो प्रयोगशाळेत इन्सुलेटर फोडत होता; तार हातात पडेपर्यंत तिकडे सगळे आटोपले होते. ते त्याला फार लागले होते. आता येत्या शनिवारी त्याच्या धाकट्या बहिणीचे, लतिकाचे, लग्न होते. कन्यादान आत्माराम आणि मालिनी या जोडप्याने करायचे, असे आईने लिहिले होते. वडिलांच्या वेळी पोचलो नाही, निदान या वेळी तरी पाटावर आपण असावे, एवढीच त्याची इच्छा होती आणि ती मनापासूनची होती.

वाटेत एकच काटा होता, तो म्हणजे दिनकरकाका. काका डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी सरलाकाकूंना घेऊन म्युनिकला आले होते आणि याच विमानाने परतत होते. मोठा काळा चष्मा लावून ते दवाखान्यातून बाहेर पडले तेव्हापासून दर दोन दिवसांनी म्हणत, "तू पोचलास तर उत्तमच रे आत्माराम. नाहीच पोचलास तर मी आहेच." हे ते प्रेमाने म्हणत. त्यामुळे उलट उत्तरही देता येत नसे.

तर नियमावली. गेल्या वर्षीच्या विमानात एका सभासदाने सामानाच्या फळीवर ओला पंचा वाळत घातला होता, दुसऱ्याने चहासाठी स्टोव्ह काढला होता आणि तिसऱ्याने मधल्या वाटेत वळकटी पसरून कैरोपर्यंत झोप काढली होती. हे ऐकून आत्मारामच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने मंडळाच्या सभेत 'सहप्रवाशांचे असभ्य वर्तन' या विषयावर पाऊण तास भाषण केले. सभा संपवण्याचा दुसरा उपाय न सुचल्याने अध्यक्ष श्रीनाथ चौबळ यांनी त्याला 'प्रवास-शिस्त चिटणीस' नेमले. पंधरा दिवसांत चौतीस कलमांची प्रवासवर्तन-नियमावली मराठीत आणि जर्मनमध्ये सायक्लोस्टाइल होऊन घरोघर पोचली. एंजिने सुरू असताना मधल्या वाटेत उभे राहू नये. उड्डाणापूर्वी धूम्रपान करू नये. दुसऱ्याच्या पायावर पाय देऊ नये. दिल्यास चोवीस तासांत दिलगिरी व्यक्त करावी. कलम अठरा नुसत्या चकल्यांवर होते.

पण मुख्य कलमे दोन. एकविसावे असे, की तक्रार तोंडी केली तरी चालेल. हवाई सुंदरीने ती कानावर पडताच, जशी ऐकली तशी, ठरावीक फॉर्मवर तीन प्रतींत नोंदवावी. बाविसावे असे, की एकाच प्रवाशाविरुद्ध तीन तक्रारी झाल्यास उड्डाणापूर्वी त्यास उतरवण्यात यावे. याला अपवाद नाही. हे कलम विमान कंपनीच्या करारात घालून घेण्यासाठी आत्माराम स्वतः म्युनिकला खेटे घालून आला. कंपनीच्या कारकुनाने ते दोनदा वाचले आणि श्रीयुत या अर्थी 'हेर' लावून तो म्हणाला, "हेर सबनीस, तुम्ही तर आमच्यापेक्षाही जास्त जर्मन आहात." हे वाक्य आत्मारामने आईला पत्रात लिहून पाठवले, खाली रेघ ओढून. आईने उत्तरात विचारले की जेवणाची आबाळ होत नाही ना.

मंगळवारी आत्माराम पाहणी करण्याच्या निमित्ताने विमानात सर्वांत आधी शिरला. पुढून चौथ्या रांगेतली खिडकीजवळची जागा त्याला पसंत पडली, म्हणून त्याने तिच्यावर रुमाल टाकून ठेवला. नियमावली विमानाचे दार बंद झाल्यापासून लागू होत असल्याने यात नियमभंग नव्हता.

दार बंद झाले आणि सहप्रवाशांच्या वर्तनास सुरुवात झाली. कोणी रेडिओ मांडीवर घेऊन बसले होते, कोणी शिवणयंत्र. अध्यक्षांच्या पत्नी वसुधावहिनींनी चकल्यांचा डबा उघडला आणि कलम अठरा पहिल्या पाच मिनिटांत संपले. आत्माराम मधल्या वाटेत उभा राहून पाइपचे झुरके घेत सगळ्यांना कलमांचे आकडे ऐकवत होता. पाइप नियमात बसत नव्हता खरा. परंतु डोके शांत ठेवण्यासाठी तो त्याला लागे, आणि शिस्त राखणाऱ्याचे डोके शांत असणे हे सर्वांच्या हिताचे होते.

"अहो, बसा ना खाली," मालिनी म्हणाली. तिने निळी साडी नेसली होती आणि मांडीवर लतिकाच्या रुखवताची पिशवी धरली होती. "एंजिन सुरू झालंय."

"बसायला लावणारा बसला तर बसवायचं कुणी?" आत्माराम म्हणाला.

"अहो, तो पाइप तरी विझवा. काकूंच्या तोंडावर धूर जातोय."

"मी ड्यूटीवर आहे, मालिनी."

"अहो! पाय बघा तुमचा! काकूंच्या पायावर दिलात!"

"दिलगिरी चोवीस तासांत चालते," असे म्हणून आत्माराम पुढच्या रांगेकडे वळला.

हवाई सुंदरी फ्रॉइलाइन, म्हणजे कुमारी, केस्लर ही कर्तव्यदक्ष मुलगी होती. तिला मराठीचे अक्षर येत नव्हते, पण एकविसावे कलम तिने पाठ केले होते. तक्रारीचा सूर कुठल्याही भाषेत कळतो. निळ्या साडीतल्या बाईंनी कोणाला तरी नावाने हाक मारून तीनदा बजावले, हे तिने ऐकले आणि नाव जसे ऐकले तसे लिहिले. हेर आहो, वाटेत उभे. हेर आहो, धूर. हेर आहो, पायावर पाय. मागून इतर बायकांच्या तोंडूनही हेच नाव सारखे येत होते. सातव्या रांगेत आहो घोरत होते, बाराव्या रांगेत आहोंनी बूट काढले होते, आणि पंधराव्या रांगेत आहोंना कोणी तरी विचारत होते की घराला कुलूप लावले ना. एकच माणूस एवढ्या थोड्या वेळात इतक्या ठिकाणी, हे तिला काळजीचे वाटले. तीन तक्रारी पूर्ण होताच ती उतरवण्याचा हुकूम टाइप करून आत्मारामकडे सहीला घेऊन आली.

आत्मारामने नाव वाचले. रोमन लिपीत, ठळक अक्षरांत, आहो. आता हा माणूस ही हाक घरी दिवसातून चाळीस वेळा ऐकत होता. पण ती कागदावर, जर्मन टंकात, शिक्क्यासकट समोर आल्यावर त्याला ओळखू आली नाही. हे जपानी आडनाव असावे, असे त्याला वाटले. कोणी तरी आगंतुक महाराष्ट्रीय मंडळाच्या विमानात घुसून महाराष्ट्राची बदनामी करत होता.

"आल्झो," तो जर्मन थाटात समाधानाने म्हणाला, "एक तरी सापडला." आणि त्याने तिन्ही प्रतींवर सही केली.

हुकूम कॅप्टनकडे गेला. कॅप्टनने प्रवाशांची यादी पाहिली. यादीत आहो नव्हता. त्याने मोजणी करवली, तर अडुसष्ट बरोबर भरले. सहवैमानिकाने याचा अर्थ असा लावला की श्री. आहो मोजताना जागा बदलत असले पाहिजेत. यादीत नसलेला माणूस घेऊन विमान उडवणे नियमाबाहेर होते. उडण्याची परवानगी चार वाजेपर्यंतची होती. ती हुकली की पुढची शुक्रवारी. कॅप्टनने एंजिने बंद केली आणि ध्वनिक्षेपकावरून जर्मनमध्ये निवेदन केले की विमानात एक 'ब्लिंडर पासाजीअर' आहे, आणि तो सापडून उतरवला जाईपर्यंत विमान हलणार नाही.

सगळ्यांनी आत्मारामकडे पाहिले. मंडळात जर्मन त्याचेच उत्तम होते, असे तो सांगत असे. त्याची जर्मन प्रयोगशाळेत शिकलेली होती. इन्सुलेटरबद्दल कोणताही जर्मन माणूस जे बोलू शकेल ते सगळे त्याला समजे. ब्लिंड म्हणजे आंधळा, हे तर पहिल्या धड्यातच होते. तिकीट न काढता लपून बसलेल्या माणसाला जर्मन लोक आंधळा प्रवासी म्हणतात, ही भानगड इन्सुलेटरच्या बाबतीत कधी उद्भवली नव्हती.

"विमानात एक आंधळा प्रवासी आहे," आत्मारामने खणखणीत आवाजात भाषांतर केले. "त्याला खाली उतरवल्याशिवाय विमान निघणार नाही."

मग एकदम गलका उठला.

"आंधळ्याला उतरवणार?" वसुधावहिनी चकली हातात धरून उभ्या राहिल्या. "माणुसकी आहे की नाही यांना?"

"मी तीव्र निषेध नोंदवतो," अध्यक्ष श्रीनाथ म्हणाले. "अनुमोदन कोण देतंय?"

अनुमोदन मिळाले, ठराव एकमताने झाला, आणि ठराव झाल्यावर सगळ्यांच्या नजरा आपोआप दुसऱ्या रांगेतल्या दिनकरकाकांच्या काळ्या चष्म्यावर जाऊन थांबल्या. कोणाच्या मनात वाईट काही नव्हते. काकांना धीर द्यावा म्हणूनच तिघा-चौघांनी बोट करून त्यांची जागा शोध घ्यायला आलेल्या सहवैमानिकाला दाखवली.

"मला दिसतंय!" काका ओरडले. "आंधळा कोणाला म्हणता? याच्या टोपीवरचा पक्षीसुद्धा दिसतोय मला! आत्माराम, अरे सांग याला!"

आत्माराम सांगणार होता. अगदी जिभेवर आले होते. पण त्याच वेळी त्याला आठवले, तू नाहीच पोचलास तर मी आहेच. काका पोचले नाहीत तर ते तिथे असणार नाहीत, हा विचार त्याच्या मनात येऊन गेला. येऊन फक्त गेला. पण जाताना त्याने थोडा वेळ घेतला. आत्माराम म्हणाला, "काका, नियमाप्रमाणे चौकशी होऊ द्या. घाबरण्याचं कारण नाही."

फ्रॉइलाइन केस्लरने सरलाकाकूंना मोडक्या इंग्रजीत विचारले, की या गृहस्थांचे नाव काय. काकूंनी पदर सावरला, नजर खाली घातली आणि पस्तीस वर्षांच्या संसारात जे केले नव्हते ते विमानातही केले नाही. त्या काकांकडे वळून म्हणाल्या, "अहो, सांगा ना तुम्हीच."

"आहो!" फ्रॉइलाइन केस्लर आनंदाने ओरडली. "गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोबर.

काकांनी पासपोर्ट काढला. त्यावर दिनकर सबनीस असे होते. सहवैमानिकाने पासपोर्ट उलटसुलट पाहिला आणि तो म्हणाला की कागद खोटे असू शकतात, स्वतःची बायको कशाला खोटे बोलेल? शिडी पुन्हा लावण्यात आली. काका दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसले.

"अहो, असं काय बघत बसलात?" वसुधावहिनी आपल्या नवऱ्यावर, म्हणजे अध्यक्षांवर कडाडल्या. "अध्यक्ष आहात ना? काहीतरी करा की!"

फ्रॉइलाइन केस्लरने मान वळवली. पाठोपाठ बाराव्या रांगेतून कोणी तरी म्हणाले, "अहो, तुम्ही मध्ये पडू नका हं." तिने परत मान वळवली. एकाला दोन झाले, दोनाला तीन होऊ लागले. तेव्हा तिने जर्मन पद्धतीने प्रयोग करायचे ठरवले. ती विमानाच्या पुढच्या टोकाला जाऊन उभी राहिली, दोन्ही हातांचा कर्णा केला आणि मोठ्याने हाक मारली, "आहो!"

अकरा पुरुषांनी एकदम वर पाहिले. बाराव्या एकाने मान अर्धीच वर केली; तो अविवाहित होता, पण त्याचे ठरत आले होते.

आत्मारामनेही वर पाहिले होते. पाहता पाहताच त्याला उमगले की आपण जपानी नाही. त्याच्या कानामागून घामाची एक धार निघाली आणि कॉलरमध्ये गेली. तीन प्रतींवरची आपली सही त्याला डोळ्यांपुढे दिसू लागली. गेल्या पाच वर्षांत ती इतकी सुंदर कधी आली नव्हती.

आता खुद्द कॅप्टन आला. हा उंच, थकलेला माणूस होता आणि त्याला मुंबईला वेळेवर पोचायचे होते. त्याने सगळे ऐकून घेतले. आहो हे एका मोठ्या खानदानाचे नाव असावे आणि त्यातले अकरा जण प्रवास करत असावेत, इथपर्यंत तो यायला तयार होता. प्रश्न एवढाच होता की तक्रारी यांतल्या कोणत्या आहोविरुद्ध आहेत. बाविसावे कलम करारात होते, हुकुमावर सही झाली होती. एक आहो तर उतरलाच पाहिजे. घड्याळात साडेतीन वाजले होते.

"तिन्ही तक्रारी एकाच बाईंच्या आहेत," फ्रॉइलाइन केस्लर म्हणाली. "त्या, निळ्या साडीतल्या."

कॅप्टन मालिनीपुढे वाकून अदबीने म्हणाला, "बाई, आपले आहो कोणते? यादीत आहे ते त्यांचे नाव आपण सांगितलेत, की हे म्हातारे गृहस्थ सुटतील आणि आम्ही निघू."

मालिनीने पिशवी घट्ट धरली. ती पुण्याची बी.ए. होती, एर्लांगेनमध्ये सायकलवरून बाजार करत होती, कसायाशी जर्मनमध्ये हुज्जत घालत होती. पण नवऱ्याचे नाव तोंडाने घ्यायचे, तेही परक्या पुरुषापुढे, काकासाहेबांच्या देखत? तिने काकूंकडे पाहिले. काकू डोळे पुसत होत्या.

"सांग ना!" आत्मारामचा संयम सुटला. त्याला वाटले, एकदा सबनीस हे नाव उच्चारले गेले की या लोकांना कळेल ते कोणाशी बोलत आहेत. नियमावलीच्या पहिल्याच पानावर ते छापले आहे. "घे नाव! मी कोण आहे ते कळू दे यांना एकदा!"

"अगं, उखाण्यात घे," वसुधावहिनी म्हणाल्या. "उखाण्यात घेतलं की काही नाही होत."

"नाव घे, नाव घे," मागच्या रांगांतून बायकांचा गजर सुरू झाला. इतका वेळ भांबावून बसलेल्या विमानात एकाएकी लग्नघराची कळा आली. कोणी तरी शिवणयंत्रावर ताल धरला. मालिनी लाजली, हसली. तिला दुसरे काहीच सुचेना. समोर दिसत होते तेच तिच्या तोंडी आले. नेहमीच्या सवयीने, नवऱ्याला चिमटा काढत, ती ठसक्यात म्हणाली,

"चार पंख्यांचं विमान, त्याला दारं दोन,
आत्मारामराव उभेच, त्यांना बसवणार कोण?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. काकांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. कॅप्टनने काही न कळून दोन वाजवल्या आणि विचारले की बाई काय म्हणाल्या. अध्यक्ष श्रीनाथ सत्यप्रिय माणूस होते आणि पाऊण तासाचे ते भाषण विसरले नव्हते. त्यांनी शब्दशः भाषांतर करून सांगितले.

"म्हणजे ही चौथी तक्रार," फ्रॉइलाइन केस्लर म्हणाली आणि तिने नवा फॉर्म काढला.

यादीत 'सबनीस, आत्माराम' सापडले, चौथी रांग, खिडकीजवळ. हुकुमावर खाडाखोडीला परवानगी नव्हती, म्हणून आहो हे नाव तसेच ठेवून त्यापुढे कंसात सबनीस असे टाइप करण्यात आले. आत्मारामने निक्षून सांगितले की नियम त्यानेच केले आहेत. कॅप्टनने त्याला सलाम केला आणि म्हणाला की असा मसुदा आपण कंपनीतही पाहिला नाही. आत्माराम म्हणाला की एवढ्याशा कारणासाठी माणसाच्या बहिणीचे लग्न हुकवणे योग्य नाही. कॅप्टनने बाविसाव्या कलमाचे शेवटचे वाक्य बोटाने दाखवले. आत्मारामने ते वाचले. 'याला अपवाद नाही.' ते वाक्य त्याने तीनदा खोडून चौथ्यांदा मनासारखे जमवले होते.

मालिनी उठली. तिचा चेहरा रडवेला झाला होता. "अहो, मी पण उतरते. मला काय ठाऊक असं होईल म्हणून…"

फ्रॉइलाइन केस्लरची पेन्सिल 'अहो' ऐकताच कागदावर आली. आत्मारामने घाईने तिला हाताने थोपवले.

"तू जा," तो मालिनीला म्हणाला. या वेळी त्याच्या आवाजात एकही कलम नव्हते. "लतिकाच्या जवळ आपलं कोणीतरी हवं. आईला सांग…" आणि एवढ्यावरच तो दाराकडे वळला. शिडीच्या पहिल्या पायरीवर असताना मागून दिनकरकाकांचा आवाज आला, अगदी मायेने ओथंबलेला, "काळजी करू नकोस रे आत्माराम. मी आहेच!"

त्याचा रुमाल खिडकीजवळच्या जागेवर राहिला होता. फ्रॉइलाइन केस्लरने तो नीट घडी घालून शिडीखाली आणून दिला आणि पोच म्हणून सही घेतली. चारला पाच मिनिटे कमी असताना विमान उडाले. दुसऱ्या, नेहमीच्या विमानाचे तिकीट आत्मारामच्या वर्षभराच्या मिळकतीतही बसले नसते. विमानतळाच्या गच्चीवर, जिथे लोक पोराबाळांना घेऊन विमाने बघायला येतात, तिथे आत्माराम उभा होता. ठिपका दिसेनासा होईपर्यंत तो पाहत राहिला, आणि मग रुमालाचा उपयोग रुमाल ज्यासाठी असतो त्यासाठी केला. शेजारच्या बाकावर एक जर्मन गृहस्थ समोरच्या कठड्यावर बूट ठेवून बसले होते. पाटीवर स्पष्ट लिहिले होते की असे करू नये. आत्मारामने पाटी वाचली, बूट पाहिले, आणि गृहस्थांच्या शेजारी बसला. पाच वर्षांत पहिल्यांदाच तो काही बोलला नाही.

लग्न झोकात झाले. कन्यादान काका-काकूंनी केले. फोटोत काकांचा काळा चष्मा फार उठून दिसतो. लतिका पाया पडताना खूप रडली, असे आईने लिहिले, आणि दादा कुठे आहे म्हणून गुरुजींनाच विचारत होती. ते पत्र आत्मारामने पाकिटात परत घातले आणि पुष्कळ दिवस बाहेर काढले नाही. मंडळाच्या वार्षिक अहवालात मात्र प्रवास-शिस्त चिटणीसांचा गौरव झाला. गैरवर्तन करणाऱ्या प्रवाशास उतरवण्यात मंडळाला प्रथमच यश आले होते.

दोन महिन्यांनी मालिनी परत आली. आत्माराम तिला घ्यायला रीमला गेला होता. गर्दीतून तिने नेहमीप्रमाणे हाक मारली, "अहो!" आणि आत्मारामने आजूबाजूचे सगळे जण नीट पाहून घेतल्याशिवाय ओ दिली नाही.

कंपनीच्या दफ्तरी प्रकरण अजून बंद झालेले नाही, असे म्हणतात. उतरवला तो सबनीस, सही करणाराही सबनीस. मग तक्रारी ज्याच्याविरुद्ध होत्या तो आहो गेला कुठे, हा प्रश्न वरच्या साहेबाने फाइलीवर तांबड्या शाईने लिहून ठेवला. त्यावर एक परिपत्रक निघाले. आहो नावाचा एक प्रवासी यादीत नाव न देता जगभर हिंडत असून, तो वाटेत उभा राहतो, दुसऱ्यांच्या पायावर पाय देतो, आणि नियम इतरांसाठी आहेत अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. त्यास ओळखण्याची खूण सोपी आहे. त्याला इतरांच्या चुका मोजताना हसू येत असते, तेवढ्यात मोठ्याने हाक मारावी. जो वर बघेल, तोच तो.

अहो!

…काय, मलाच म्हणालात का?